भेगेचं माप आणि घड्याळ

मराठवाड्यातल्या एखाद्या शेतात बोअरची गाडी उभी राहिली की सगळ्यांची नजर पाइपाच्या तोंडाशी उडणाऱ्या धुळीवर असते. शे-दोनशे फूट कोरडा करडा भुगा उडतो आणि मग कधीतरी त्याला ओल येते. खाली बेसॉल्टात भेग लागलेली असते आणि त्या भेगेत पाणी असतं. बोअर मारणाऱ्याचं आणि मारून घेणाऱ्याचंही नशीब त्या भेगेवर अवलंबून. तेलाच्या विहिरीवर हाच प्रकार उलटा होतो. तिथे भेग लागली की रिगवर धावपळ सुरू होते, कारण भेगेतून काही वर येण्याआधी वरचं बरंच काही खाली जातं. बोअरची गाडी हवेच्या दाबाने भुगा बाहेर फेकते, तेलाची रिग मात्र हे काम एका द्रवाकडून करून घेते. बेन्टोनाइट माती, बराइट, पाणी किंवा तेल आणि वर दहा-बारा रसायनं घालून कालवलेल्या या द्रवाला रिगवर ‘मड’ म्हणतात. तो ड्रिल पाइपच्या पोकळीतून खाली जातो, टोकाशी दगड फोडणाऱ्या बिटच्या छिद्रांतून बाहेर पडतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या फटीतून दगडाचा चुरा घेऊन वर येतो. जेवढा खाली गेला तेवढा वर आला तर सगळं ठीक. कमी आला तर ‘लॉस’, आणि काहीच आला नाही तर ‘रिटर्न बंद’. असा गळका दगड बुजवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या जेलबद्दल हा लेख आहे. त्याचा मुद्दा एकच आहे: जेलची किंमत त्याच्या ताकदीत नाही. भेग बुजवणाऱ्याला जे कळू शकत नाही, त्याच्या जागी कळू शकणारी गोष्ट आणून ठेवणं, ही त्याची खरी कामगिरी.

लॉस म्हणजे पैशाचं नुकसान, एवढंच समजलं तर चित्र अर्धंच राहतं. मड महाग असतो आणि तासाला शेकडो लिटर दगडात मुरायला लागला की हिशेब झोंबतो, हे खरं. पण मडाचं मुख्य काम वजन टाकण्याचं आहे. पाण्याच्या १.२ पट जड मडाचा ३,००० मीटर उंचीचा स्तंभ विहिरीच्या तळाशी सुमारे ३५० वातावरणांचा दाब देतो. दगडात अडकलेला वायू आणि तेल या दाबाखाली जागच्या जागी बसून राहतात. आता समजा १,५०० मीटरवर भेग लागली आणि मड तिच्यात घुसू लागला. वरच्या फटीतली पातळी २०० मीटर जरी खाली उतरली तरी तळावरचा दाब सुमारे २३ वातावरणांनी घटतो. खालच्या थरात वायू असेल तर त्याला तेवढी सवलत पुरते. म्हणजे गळती एका थरात आणि धोका भलत्याच थरात. म्हणूनच मडाच्या टाकीतली पातळी बोटभर उतरली तरी ड्रिलर चहाचा कप खाली ठेवतो.

यावरचा जुना उपाय घरगुती वाटावा इतका सरळ होता. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा, अभ्रक, सरकीची टरफलं, लाकडाचा भुसा, सेलोफेनचे तुकडे, चुनखडीची भुकटी असं जे हाती लागेल ते मडात घालायचं आणि भेगेच्या तोंडाशी त्याचा बांध पडेल अशी आशा धरायची. यामागे विज्ञान नव्हतं असं नाही. अब्राम्स यांनी १९७७मध्ये मांडलेला नियम आजही वापरतात: घन कणांचा मध्यम आकार दगडाच्या छिद्राच्या किमान एकतृतीयांश हवा. लहान कण आत वाहून जातात. कण फार मोठे झाले तर भेगेत शिरतच नाहीत, दाराशी ढीग करतात आणि बिट फिरला की निघून जातात. नियम चोख आहे, पण त्याच्या पोटात एक अडचण आहे. छिद्राचं माप माहीत असेल तरच त्याचं एकतृतीयांश काढता येतं. वाळूच्या दगडाचं छिद्र नमुन्यावरून मोजता येतं. चुनखडीतली भेग विहिरीला पहिल्यांदा दिसते ती मड गिळताना. ती अर्धा मिलीमीटर आहे की पाच सेंटीमीटर, सरळ आहे की जाळीदार, की पुढे जाऊन एखाद्या पोकळीत उघडते, हे मड इंजिनिअरला वर बसून कळत नाही. तो गळतीच्या वेगावरून अंदाज बांधतो, पण एक रुंद भेग आणि शंभर बारीक भेगा एकाच वेगाने मड पिऊ शकतात. त्यात भर म्हणजे मोठे कण पाठवायचे तर ते आधी बिटच्या छिद्रांतून आणि पाइपमध्ये बसवलेल्या मोजमापाच्या उपकरणांतून पार व्हायला हवेत. तिथेच ते अडकले तर भेग राहते बाजूला, पाइपच बुजतो.

जेल इथे कामाला येतं, कारण त्याला माप लागत नाही. वरून निघताना ते पातळ असतं, म्हणून अर्ध्या मिलीमीटरच्या भेगेतही शिरतं आणि पाच सेंटीमीटरच्याही. आत गेल्यावर घट्ट होतं, आणि मग ज्या आकाराची भेग, त्याच आकाराचा बोळा. मराठी स्वयंपाकघरात याचं उत्तम उदाहरण खरवसाचं आहे. व्यालेल्या गाईचा पहिल्या-दुसऱ्या दिवसाचा चीक दुधात मिसळून ज्या भांड्यात ओताल त्या भांड्याचा आकार घेतो, मग वाफ लागली की तो थरथरत्या वडीइतका घट्ट होतो, आणि एकदा झाला की थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही. विहिरीतली बरीच जेलं खरवसाच्याच जातीची आहेत. पॉलिअॅक्रिलअमाइड नावाच्या लांबलचक साखळीच्या रेणूंचं सौम्य द्रावण घ्यायचं आणि त्यात एक जोडणारं रसायन टाकायचं. ते साखळ्यांना ठिकठिकाणी गाठी मारतं. साखळ्या सुट्या असतात तोवर द्रावण वाहतं, पुरेशा गाठी पडल्या की सगळं मिळून एक जाळं होतं आणि पाणी त्यात कोंडून पडतं. बहुतेक भाग पाणीच असलेली वस्तू वाहायची थांबते. गाठी मारायला क्रोमियम अॅसिटेट वापरलं तर गाठ धातूच्या आयनामुळे पडते. जास्त गरम विहिरींत पॉलिइथिलीनइमाइन हे सेंद्रिय रसायन वापरतात, तिथे बंध अधिक पक्का होतो. दोन्हींत गाठी पडण्याचा वेग तापमानावर ठरतो. वर थंड टाकीत तासन्‌तास काही होत नाही, खाली गरम दगडात काही वेळात सगळं बसतं.

म्हणजे माहितीची गरज संपली का? संपली नाही, तिची जागा बदलली. कणांचा बांध घालायचा तर भेगेची रुंदी हवी, जेल बसवायचं तर वेळ आणि तापमान हवं. रुंदी मोजता येत नाही. वेळेचा हिशेब मात्र कागदावर करता येतो. नेहमीच्या पाच इंची ड्रिल पाइपच्या पोकळीत मीटरमागे सव्वानऊ लिटर द्रव मावतो, म्हणजे ३,००० मीटरला सुमारे २८,००० लिटर. पंप मिनिटाला ८०० लिटर ढकलत असेल तर टाकीतून निघालेलं जेल बिटपाशी पस्तीसेक मिनिटांत पोहोचेल. भेगेत शिरायला आणखी दहा-पंधरा मिनिटं धरा, पंप अडखळला तर म्हणून थोडी सवड ठेवा. तेव्हा जेलने तासभर पातळ राहिलं पाहिजे आणि मग फार उशीर न करता घट्ट झालं पाहिजे. लवकर बसलं तर पाइपमध्येच खरवस. उशिरा बसलं तर ते भेगेत इतकं आत वाहून जातं की तोंड उघडंच राहतं. हे जुळवण्याची चाचणी प्रयोगशाळेत काचेच्या बाटलीत करतात आणि ती पाहण्यासारखी असते. द्रावण भरून बंद केलेली बाटली विहिरीच्या तापमानाच्या भट्टीत ठेवायची, ठरावीक वेळाने बाहेर काढून उलटी धरायची. आधी सगळा द्रव सरसर खाली येतो. मग तो कडेला रेंगाळत येतो. पुढे एक जाड जीभ बाटलीच्या गळ्यापर्यंत लोंबते आणि मागे ओढली जाते. शेवटी बाटली उलटी केली तरी पृष्ठभाग जागचा हलत नाही. सिडान्स्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत या अवस्थांना ए ते जे अशी इंग्रजी अक्षरं दिलेली आहेत. शेवटच्या ‘जे’ अवस्थेत बाटलीवर टिचकी मारली की आतलं जेल नादकाट्यासारखं कंप पावतं. यंत्राच्या आकड्यांच्या जमान्यात इतकी साधी, डोळ्यांनी आणि बोटांनी करायची मोजणी टिकून आहे, याचं कारण तिथे प्रश्न ‘किती घट्ट’ एवढाच नसून ‘केव्हा घट्ट’ हा आहे.

आता मुंबई हायकडे वळू. तिथली गोष्ट बुजवण्याइतकीच उघडण्याचीही आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, ‘सागर सम्राट’ रिगने १९७४मध्ये ज्या क्षेत्राचा शोध लावला, त्याचं मुख्य तेल मायोसीन काळातल्या चुनखडीत आहे. पाण्यात विरघळणारा हा दगड भेगा-पोकळ्यांनी पोखरलेला असतो, आणि तेल साठतं, वाहतं ते याच भेगा-पोकळ्यांतून. जवळपास अर्धं शतक तेल उपसल्यावर अशा थरांतला दाब उतरतो. दाब उतरला की तोच मडाचा स्तंभ तुलनेने जड पडतो आणि दगड त्याला जास्तच गिळतो. इथे पेच असा की ज्या वाटेने मड जातो, तीच वाट पुढे तेलाला यायला हवी आहे. ती कायमची बुजवली तर विहीर सुरक्षित होईल आणि निरुपयोगीही. म्हणून तेलाच्या थरात वापरायच्या जेलला एक उलटं कसब लागतं: सांगितल्यावर विरघळणं. हे कसब ज्याच्याकडे आहे तो पदार्थ आपल्या भाजीच्या टोपलीत असतो. गवारीच्या बीमधून निघणारा गवार गम लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम घोटला की पातळ पाक होतो. त्यात चिमूटभर टाकणखार विरघळवून टाकला की चमच्याला लागलेला पाक लोळ्यासारखा उचलला जातो, ओढला की ताणतो, सोडला की पुन्हा गोळा होतो. टाकणखारातले बोरेट आयन अल्कधर्मी पाण्यात गवारीच्या साखळ्यांना गाठी मारतात. लिंबू पिळलं की गाठी सुटतात आणि लोळ्याचं पुन्हा पाणी होतं. विहिरीत लिंबाच्या जागी आम्ल असतं, किंवा साखळ्याच तोडणारी विकरं. चुनखडीत तर आम्ल एका दगडात दोन पक्षी मारतं, जेलही मोडतं आणि भेगही थोडी रुंद करतं. (जगातली बहुतेक गवार भारतात, त्यातही राजस्थानात पिकते. अमेरिकेतल्या शेल वायूच्या विहिरींनी ती उचलायला सुरुवात केल्यावर २०१२मध्ये भाव इतके चढले की वायदेबाजारात तिचे सौदे थांबवावे लागले. तेलविहिरीचं रसायनशास्त्र जोधपूरच्या बाजार समितीपर्यंत पोहोचलं ते असं.) गवारीचं जेल फार उष्णतेत टिकत नाही, ही त्याची मर्यादा. पण ज्या थरातून पुढे उत्पन्न काढायचं आहे तिथे टिकाऊपणा हा गुण नाही.

जेलविरुद्धचा सगळ्यात वजनदार आक्षेप सिमेंटवाल्यांचा आहे. दगड बुजवायचा तर दगडानेच बुजवा, पाण्याच्या लोळ्यावर भरवसा कशाला? सिमेंट जेलपेक्षा कितीतरी पटींनी मजबूत असतं, यात वाद नाही. पण मजबुतीच्या आधी त्याला जागेवर थांबावं लागतं. नेहमीचा सिमेंटचा काला पाण्याच्या १.९ पट जड असतो. आधीच वजन न पेलणाऱ्या भेगेवर तो आणखी वजन टाकतो, आत धावतो आणि मडात मिसळून पातळ होतो. बसण्यासाठी तासन्‌तास थांबावं लागतं, आणि बसल्यावर तेच सिमेंट फोडून पुढे जाताना बिट वाट सोडून बाजूच्या मऊ दगडात घुसू शकतो. जेल पाण्याइतकंच हलकं असल्याने हा प्रश्न येत नाही. शिवाय ताकदीचा हिशेब भेगेत वेगळा चालतो. न्यू मेक्सिकोतले संशोधक रँडी सेराइट यांनी भेगेतून जेल ढकलून काढायला किती दाब लागतो ते मोजलं. हा दाब मीटरमागे भेगेच्या रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रुंदी निम्मी झाली की दाब चौपट. म्हणजे हातात घेतल्यावर लिबलिबीत वाटणारा पदार्थ अरुंद भेगेत काही मीटर लांब बसला की चांगला दाब अडवतो. इथेच आक्षेपातला खरा भागही मान्य करायला हवा: हाच नियम उलटा वाचला तर रुंद पोकळीत जेल एकटं टिकणार नाही हे दिसतं. हातभर रुंदीच्या गुहेला जेलने बुजवू म्हणणारा माणूस विक्रेता असतो, इंजिनिअर नसतो. तिथे शहाणपण जेल आधी आणि सिमेंट मागून पाठवण्यात असतं. जेल पुढे थांबून अडसर होतं, सिमेंटला पाय टेकायला जागा मिळते.

दुसरा आक्षेप जास्त खोडसाळ आहे आणि मला तो आवडतो: बुजवायचंच कशाला? आइसलँडमध्ये भूऔष्णिक विहिरी खणताना मड हरवणारा थर लागला की लोक खूश होतात, कारण गरम पाणी तिथेच असतं. मग साधं पाणी पंप करत, चुरा भेगेतच जाऊ देत, रिटर्नशिवाय पुढे खणतात. समुद्रातल्या चुनखडीतही अशी आंधळी खोदाई केली जाते, आणि वरून दाब यंत्राने तोलत खणायची पद्धतही आता रुळली आहे. हे मार्ग आहेत आणि जिथे खपतात तिथे खुशाल वापरावेत. पण त्यांची अट काय आहे ते पाहा. भेगेच्या खाली उच्च दाबाचा वायू नसावा, किंवा असला तर तो सांभाळण्याची यंत्रणा रिगवर असावी. एकाच उघड्या भोकात वर गिळणारा थर आणि खाली ओकणारा थर असं जोडपं आलं की गळती चालू ठेवणं हा जुगार होतो.

२०१०च्या एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात मॅकाँडो विहिरीवर दोन दाबांमधली दरी मिटत आली होती. वायू दाबून धरायला लागणारा दाब आणि दगड फाडणारा दाब यांच्यात जागाच उरली नव्हती. ९ एप्रिलला ५,५०० मीटरच्या पलीकडे मड हरवला, गळती बुजवण्यासाठी रसायनांच्या खेपा तयार झाल्या, आणि ६,१०० मीटरपुढे जाण्याचा बेत सोडून बीपी कंपनीने ५,५९६ मीटरवर खोदाई थांबवली. पुढचा तपशील जेलच्या अभ्यासकाने कधी विसरू नये. खेपांतलं साहित्य उरलं. त्यात काळ आणि उष्णता लागली की साखळ्या जुळून रबरासारखा होणारा एक प्रकार होता. ते तसंच किनाऱ्यावर नेलं असतं तर घातक कचरा म्हणून विल्हेवाट लावावी लागली असती. विहिरीत वापरून घेतलं तर समुद्रात सोडता येत होतं. म्हणून २० एप्रिलला विहिरीच्या बंदोबस्ताची शेवटची चाचणी करताना मड आणि समुद्राचं पाणी वेगळं ठेवणारा द्रव म्हणून हेच चारशेहून जास्त बॅरल वापरले गेले. चाचणीत ड्रिल पाइपवर चौरस इंचाला १,४०० पौंड दाब दिसत राहिला आणि शेजारच्या किल लाइनवर शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीला जोडलेल्या, तेव्हा दोन्हींचा आकडा सारखा हवा होता. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने २०११च्या अहवालात ज्या शक्यता मांडल्या, त्यांत या जाड द्रवाने किल लाइन बुजवली असावी, ही एक होती. रिगवर मात्र शून्यावर विश्वास ठेवला गेला. काही तासांत वायू वर आला आणि अकरा माणसं गेली. हे जेलविरुद्धचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं, पण माझ्या मते ते मुद्द्याला पुष्टीच देतं. कारणं अनेक होती, मुख्य म्हणजे तळचं सिमेंट टिकलं नाही. पण वेळेनुसार स्वभाव बदलणं हाच ज्याचा गुण, तो पदार्थ वेळेचा हिशेब न करता मापनाच्या नळीजवळ नेणं, म्हणजे त्याला सामान्य द्रव समजणं.

विषाचा आक्षेप थोडक्यात. जुन्या पद्धतींत सहा संयुजेचा क्रोमियम विहिरीतच तीन संयुजेचा करून घेत. पहिला अत्यंत घातक, दुसरा तुलनेने सौम्य. आता बहुतेक ठिकाणी सुरुवातच तीन संयुजेपासून होते, आणि सेंद्रिय रसायनांकडे जाण्यामागे उष्णतेइतकंच हेही कारण आहे. तरीही समुद्रात वापरायच्या खेपेबद्दल उरलेला माल कुठे जाणार, हा प्रश्न टाकी ढवळण्याआधी विचारायला हवा.

शेवटी हिशेबातला एक चकवा, कारण ‘वेळ आणि तापमान हवं’ असं मी वर फार सहज म्हणून गेलो. किलोमीटरमागे सुमारे ३० अंश धरले तर ३,००० मीटरवरचा दगड ११५-१२० अंशांचा असतो आणि नवशिका त्याच आकड्यावर बाटली भट्टीत ठेवतो. पण भेग लागल्यापासून वरून आलेला थंड मड तिच्यात घुसतोय. जितका जास्त लॉस, तितकी भेगेच्या आसपासची भिंत जास्त गार. ज्या विहिरीला जेलची सर्वांत जास्त गरज, तिथेच पुस्तकातलं तापमान सर्वांत जास्त चुकतं, आणि तासाभरात बसायचं जेल तीन तास पातळ राहून भेगेत निघून जातं. जाणता मड इंजिनिअर म्हणून ड्रिल पाइपच्या टोकाशी बसवलेल्या उपकरणाचा ताजा आकडा मागवतो, बाटल्यांची एक रांग ११५ अंशांवर आणि दुसरी ऐंशीवर लावतो, आणि कुठली रांग आधी ‘जे’ला पोहोचते हे न बघता विचारतो की पंप बंद केल्यावर दगडाला पुन्हा तापायला किती वेळ द्यायचा.